एक तांब्या, तीन वर्ग

गेल्या रविवारी तिन्ही वर्गांना मी एकच वस्तू दिली. तांब्या. माझ्या सासूबाईंचा, कसबा पेठेतल्या तांबट आळीतून घेतलेला. पोटावर ठोक्यांच्या बारीक खुणा, गळ्याशी एक पोचा, आणि चिंच लावून घासला की दोन दिवस टिकणारी लकाकी. शनिवारी रात्री घासून ठेवला, सकाळी स्टुलावर जुना हिरवा खण अंथरला आणि त्यावर तांब्या ठेवला.

सदाशिव पेठेत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली आहे, तिथे हे वर्ग भरतात. नऊ वाजता पाच ते सात वर्षांची मुलं, साडेदहाला आठ ते दहाची, आणि दुपारी चारला अकरा ते चौदाची. त्याआधी बावीस वर्षं मी शाळेत कलाशिक्षिका होते. रविवारी सगळ्यांना सांगितलं ते एवढंच, की हा तांब्या नीट बघा आणि काढा. संध्याकाळी तिन्ही वर्गांचे कागद फरशीवर ओळीने मांडले. असं मांडून बघितलं की मला अजूनही हरखायला होतं.

लहानांच्या बारा कागदांपैकी नऊ कागदांवर तांब्यातलं पाणी दिसत होतं. बाहेरून! तांब्या धातूचा, त्याच्या आरपार दिसत नाही. पण आत पाणी आहे हे त्यांना ठाऊक होतं, कारण मी ते त्यांच्यादेखत ओतलं होतं. एकीने पाण्यात मासा सोडला होता. एकाने तांब्याशेजारी मला काढलं होतं, तांब्याच्या निम्म्या उंचीची, कारण त्या दिवशी तांब्या महत्त्वाचा होता. बहुतेकांचे तांबे कागदाच्या खालच्या कडेवर उभे होते, नाहीतर तळाशी ओढलेल्या एका जाड रेघेवर. वरच्या कडेला निळी पट्टी, म्हणजे आकाश. खोलीत आकाश कुठून आलं, असं मी विचारत नाही.

व्हिक्टर लोवेनफेल्ड या मूळच्या ऑस्ट्रियाच्या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. दोन ते चार वर्षांत गिरगोट्या, चार ते सातमध्ये आकार उमटायला लागतात, सात ते नऊमध्ये प्रत्येक गोष्टीचं एक ठरलेलं चिन्ह तयार होतं, नऊ ते बारामध्ये खऱ्यासारखं काढायची ओढ लागते, आणि पुढे तर डोळ्यांना दिसतं अगदी तस्संच आलं पाहिजे असा हट्ट सुरू होतो. कागदाच्या तळाची ती रेघ, आरपार दिसणारं ते पोट, दोन्ही त्यांनी नोंदवून ठेवलेलं आहे. वयाचे आकडे थोडे मागेपुढे होतात. माझ्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा आहे. तो रिक्षा बाजूने काढतो, हुडाच्या घड्यांसकट, आणि त्याची माणसं मात्र अजून डोक्यालाच पाय फुटलेली असतात. एका अंगाने तो आठ वर्षांचा आहे, दुसऱ्या अंगाने चार. त्याची आई विचारते, माणसं कधी सुधारणार? मी म्हणते, त्याला माणसं बघायला लावा, काढायला लावू नका.

हे सगळं मी पदविकेच्या अभ्यासात वाचलेलं होतं, पेपरात लिहिलेलंही होतं. तरी शाळेच्या पहिल्या काही वर्षांत माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती सांगते.

दुसरीचा वर्ग होता. विषय होता ‘माझी आजी’. एका मुलीने भाकरी थापणारी आजी काढली. आजीचं डोकं लिंबाएवढं आणि हात परातीएवढे. दहाही बोटं वेगवेगळी, प्रत्येक बोटाला नख, दोन्ही मनगटांत बांगड्या मोजून सहा-सहा. मी तिच्या बाकाशी वाकले, तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि म्हटलं, ‘‘अगं, हात एवढे मोठे असतात का? हे बघ, असे.’’ खोडून दोन लहान, नीटस हात काढून दिले. मला वाटलं, मदत केली. तिने कागदाकडे बघितलं, मग तो माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, ‘‘बाई, हे तुमचं झालं. मला दुसरा कागद द्या.’’

मी दुसरा कागद दिला. तिने त्यावर झेंडा काढला, तास संपेपर्यंत एकच झेंडा, आणि वर्षभर पुन्हा कधी माणूस काढला नाही. तिची आजी हातांनीच तिच्या आयुष्यात होती. भाकरी थापणारे हात, वेणी घालणारे हात, तिला जे मोठं वाटत होतं ते तिने मोठं काढलं होतं आणि मी ते खोडलं. त्या वर्षापासून मी मुलाच्या कागदाला हात लावलेला नाही. काही दाखवायचंच असेल तर माझा कागद वेगळा असतो, मी त्याच्यावर दाखवते, आणि दाखवून झालं की तो मुलांसमोरच उलटा करून ठेवते, म्हणजे कुणी त्याची नक्कल करत बसत नाही. नवीन येणाऱ्या पालकांना पहिल्या दिवशी मी फक्त हा एक नियम सांगते, कारण घरी तो सगळ्यात जास्त मोडला जातो. स्पर्धेला पाठवायचं चित्र आईने ‘थोडं फिनिशिंग’ केलेलं असतं. आठ वर्षांच्या मुलाच्या सूर्यास्तात पस्तीस वर्षांचा हात लगेच ओळखू येतो.

लहानांना काय द्यावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत. मोठा कागद, जाड ब्रश, आणि जमिनीवर बसायला किंवा भिंतीशी उभं राहायला मोकळी जागा. या वयात हात खांद्यातून हलतो, बोटांतून नाही. त्यांना वहीच्या आकाराचा कागद आणि बारीक टोकाचा ब्रश दिला की ती चिडतात आणि आपण म्हणतो याला आवड नाही. पाठकोरे कागद चालतात, जुनी कॅलेंडरं तर फारच चांगली. पोस्टर कलरच्या चार बाटल्या पुरतात, लाल, पिवळा, निळा, पांढरा. हिरवा विकत आणायचाच नाही. पिवळ्यात निळा मिसळून हिरवा स्वतःच्या हाताने होतो तेव्हा ज्या आवाजात मूल ‘बाईऽऽ’ म्हणून ओरडतं, तो आवाज तयार हिरव्याच्या बाटलीतून येत नाही. काळा मी पहिले दोन महिने देत नाही. काळा मिळाला की मुलं सगळ्याला काठ काढत सुटतात. आणि छापील चित्रात रंग भरायची पुस्तकं माझ्या खोलीत नाहीत, कुणी भेट दिली तरी मी ती पाठकोऱ्यात टाकते.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे शाडूची माती येते. तेव्हा आणखी एक गंमत दिसते. काही मुलं गोळ्यातूनच सोंड ओढून बाहेर काढतात, काही सोंड वेगळी वळून चिकटवतात. चिकटवलेली सोंड वाळताना हमखास सुटते. मग मी दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या मारून, मध्ये पातळ चिखल लावून जोडायला शिकवते, आणि मूर्ती उन्हात न ठेवता सावलीत वाळवायला लावते, म्हणजे तडे जात नाहीत. ओढून काढणाऱ्याला मात्र तसंच करू देते.

खरी अवघड मुलं मधल्या वर्गातली, आठ ते दहाची. यांच्याकडे लहानपणीचा बिनधास्तपणा राहिलेला नसतो आणि मोठ्यांचं कसब अजून आलेलं नसतं. यांचा आवडता शब्द ‘बिघडलं’. रेघ मारली, खोडली, पुन्हा मारली, पुन्हा खोडली, कागदाचा लगदा झाला, ‘बाई, बिघडलं.’ म्हणून या वर्गात पहिला अर्धा तास खोडरबर माझ्या टेबलावरच्या डब्यात जमा करावे लागतात. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी दुसरी मारायची. अर्ध्या तासाने डबा उघडतो, पण तोवर निम्म्या मुलांना त्याची आठवण राहिलेली नसते.

रविवारी यांचे तांबे पहिल्या पंधरा मिनिटांत एकसारखे झाले. वरती तोंड म्हणून एक पूर्ण गोल, बशीसारखा, आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ. चौदापैकी चौदा. याचं कारण साधं आहे. तोंड गोल आहे हे त्यांना माहीत आहे म्हणून गोल, आणि तांब्या खणावर सपाट बसलाय हे माहीत आहे म्हणून सरळ. लहानांनी पाणी काढलं त्यातही तेच होतं. फरक इतकाच, की या मुलांना आपल्या चित्रात काहीतरी खटकतंय हे कळतं, आणि काय ते कळत नाही. शिकवायची वेळ ती हीच. खटकायच्या आधी शिकवलं तर मुलांच्या डोक्यावरून जातं आणि फार उशिरा शिकवलं तर तोवर मूल ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणून मोकळं झालेलं असतं.

मी तांब्या काठोकाठ भरला आणि जमिनीवर ठेवला. मुलांना त्याच्याभोवती उभं केलं. ‘‘पाणी कसं दिसतंय?’’ ‘‘गोल.’’ मग तांब्या स्टुलावर ठेवला. ‘‘आता?’’ थोडी चुळबुळ झाली. ‘‘गोलच, पण चपटा.’’ मग स्टूल टेबलावर चढवलं, त्यावर तांब्या, आणि मुलांना खाली बसवून हळूहळू उठायला सांगितलं, गुडघ्यांवर, मग अर्धवट वाकून, डोळा बरोबर काठाच्या पातळीला येईपर्यंत. हळूहळू म्हणजे अगदी हळू. एक मुलगी मध्येच थांबली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. ‘‘बाई, पाणी गेलं!’’ काठाशी डोळा आला की गोल मिटतो, त्याची एक आडवी रेघ उरते. आणि डोळा जरा वर केला की ती रेघ पापणी उघडल्यासारखी उघडते. सगळ्यांना ते करायचं होतं. दहा मिनिटं खोलीत चौदा मुलं उठाबशा काढत होती आणि कुणी हसत नव्हतं.

मग मी बुडाबद्दल विचारलं. बूड काठापेक्षा डोळ्यापासून आणखी खाली आहे, म्हणजे त्याची गोलाई काठापेक्षा जास्त उघडी दिसणार की कमी? हा प्रश्न कठीण आहे, मोठ्यांनाही पटकन सुटत नाही. एकाने डोकं लावलं, ‘‘जमिनीवर ठेवला होता तेव्हा जास्त गोल दिसला. म्हणजे खाली जास्त.’’ बरोबर. बूड सरळ असूच शकत नाही, ते काठापेक्षाही जास्त वाकलेलं पाहिजे. दुसरा कागद वाटला. दुसऱ्या कागदावर चौदापैकी अकरा बुडं वाकलेली होती. तिघांची सरळच राहिली. त्यांना मी काही म्हटलं नाही, त्यांचं खटकणं अजून व्हायचंय.

एक बारीकशी गोष्ट राहिली. त्या चपट्या गोलाची, म्हणजे लंबवर्तुळाची, दोन्ही टोकं मुलं माशाच्या तोंडासारखी टोकदार काढतात. त्यासाठी मी त्यांना हवेत हात फिरवायला लावते, न थांबता, वीस वेळा, आणि फिरत्या हातानेच पेन्सिल कागदावर टेकवायला सांगते. फिरता हात टोक काढूच शकत नाही.

चारच्या, मोठ्या वर्गात निम्मी मुलं परीक्षेसाठी येतात. महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षा, म्हणजे आपली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. आपल्यापैकी अनेकांनी त्या दिलेल्या असतील, मोठा पॅड, पाण्याचा डबा आणि पोटात गोळा घेऊन. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. इंटरमिजिएट झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि पालकांचा पहिला प्रश्न त्या गुणांचाच असतो. मी त्यावर चिडत नाही. गुणांसाठी का होईना, सातवी-आठवीच्या मुलाच्या हातात ब्रश राहतो, नाहीतर त्या वयात तो सगळ्यात आधी सुटतो. वाईट वाटतं ते स्मरणचित्राचं. खरंतर या सगळ्यांत सुंदर पेपर तो. डोळ्यांनी टिपलेलं, मनात मुरलेलं कागदावर आणायचं. आणि त्याचीच आपण पार घोकंपट्टी करून टाकलीय. बसथांबा, भाजीबाजार, पतंग उडवणारी मुलं, प्रत्येक विषयाची एक तयार आकृती, डावीकडे झाड, उजवीकडे पाठमोरी बाई, मागे दोन घरं. मुलं ती रात्री पाठ करतात आणि सकाळी ओततात.

म्हणून मी त्यांना मंडईत नेते. रात्री घासाघीस करून भाजी घेणारे पुणेकर ज्या दगडी इमारतीकडे मान वर करून बघत नाहीत, ती आपली महात्मा फुले मंडई. १८८६ साली खुली झाली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. मधोमध अष्टकोनी मनोरा. मुलांना तिथे कागद-पेन्सिल काहीच न्यायला परवानगी नाही, फोनही नाही. प्रत्येकाने एक माणूस निवडायचा आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं. तराजू कुठल्या हातात आहे? वजन टाकताना दुसरा हात काय करतो? बसलाय तो कशावर, पोत्यावर, खोक्यावर की उकिडवा? परत खोलीवर येऊन काढायचं. पहिल्या वेळी सगळ्यांची तक्रार असते की काहीच आठवत नाही. तिसऱ्या फेरीला एका मुलाने कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणारी बाई काढली. चेहरा नव्हता, पायही नव्हते, पण ओंजळीतून पाणी झटकताना मनगटाला जो झटका बसतो तो त्या रेघेत होता. परीक्षेत त्या चित्राला कोणती श्रेणी मिळाली असती हे मला ठाऊक नाही, मी ते माझ्याकडे मागून घेतलं.

शाळेत असताना हे करायला वेळच मिळायचा नाही. आठवड्याला चित्रकलेचे दोन तास, आणि चाचणी जवळ आली की त्यातला एक गणिताला. ‘‘बाई, आज तुमचा तास घेऊ का?’’ हे विचारून घ्यायचे, म्हणजे नाही म्हणायचीही सोय नव्हती. नववी-दहावीत तर तास वेळापत्रकात दिसायचा आणि वर्गात नसायचा. मुलं माझ्याकडे दारातून बघायची, हातात रंगपेटी, आणि आत फळ्यावर समीकरणं. अनेक वर्षं मी हे निमूट ऐकून घेतलं, याचं मला आजही दुःख आहे. भांडायला हवं होतं.

असो. या वर्षी जे काही करून बघितलं त्यातल्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक रंगांची. मधल्या वर्गाने घरातल्या वस्तूंपासून रंग केले. हळद, गेरू, दिव्याची काजळी, पालकाचा रस, बीट, गोकर्णाची फुलं. हळदीत चिमूटभर चुना टाकला की ती लाल होते, आपलं कुंकू पिढ्यान्‌पिढ्या असंच बनत आलेलं आहे, आणि त्यात लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. गोकर्णाचं निळं पाणी लिंबाने जांभळं-गुलाबी होतं. मुलं वेडी झाली. चित्रं इतकी सुंदर झाली की मी ती खिडकीत लावली, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसावीत म्हणून. तीन आठवड्यांत हळद उडाली. सूर्यफुलांच्या शेतात नुसती पेन्सिलची रेघ उरली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. एक मुलगी अक्षरशः रडली. पुढच्या रविवारी आम्ही प्रत्येक रंगाची एक पट्टी काढली, अर्धी पुठ्ठ्याने झाकली आणि त्याच खिडकीत लावली. दर रविवारी पुठ्ठा उचलून बघायचं आणि वहीत नोंद करायची. हळद आणि बीट फिके पडले, पालक तपकिरी झाला. गेरू आणि काजळी जशीच्या तशी. गेरू ही माती आहे आणि काजळी म्हणजे कोळसा, त्यांना ऊन काय करणार. वारली चित्रं गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने का काढतात हे त्या दिवशी मला वेगळं सांगावं लागलं नाही. जिव्या सोमा म्हसे यांचं नाव मात्र मी सांगितलं. भिंतीवरची ही कला त्यांनी कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रडलेल्या मुलीने तिचं शेत पुन्हा काढलं, गेरूने. आता ते नांगरलेलं शेत आहे.

दुसरी तांबट आळीची. मोठ्या वर्गाला घेऊन गेले. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेली ही तांबट मंडळी अजून तिथे काम करतात. आळीत शिरण्याआधी आवाज येतो. मुलांना मी डोळे मिटून दोन मिनिटं उभं केलं. घडवलेल्या भांड्यावर मठार देतात, म्हणजे हातोडीचे ठोके शेजारी शेजारी, न चुकता, ओळीने. त्याने पत्रा घट्ट होतो आणि अंगावर ती चकाकणारी खवल्यांसारखी नक्षी उठते. एका कारागीर काकांनी मुलांना जवळ बोलावून दाखवलं, हातोडी एकाच जागी पडते, फिरतं ते भांडं. तेरा वर्षांच्या पोराने लगेच ओळखलं, ‘‘म्हणजे तुम्ही लंबवर्तुळ काढायला शिकवलं त्याच्या उलट. तिथे हात फिरतो.’’ परत आल्यावर आम्ही खोलीतल्या भांड्यांवर पातळ कागद लावून मेणाच्या खडूने घासून ठसे घेतले. माझ्या तांब्याचा ठसा भिंतीवर आहे. सासूबाईंना दाखवला तेव्हा त्या बोट फिरवून म्हणाल्या, पोचा पण आलाय की गं यात.

दिवाळीच्या सुट्टीत राजा केळकर संग्रहालय. पालकांना माझी विनंती असते की तिथे मुलांना सगळं बघायला लावू नका. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आयुष्यभर गावोगाव फिरून वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. एका दुपारी ते कसं बघून होणार? आम्ही फक्त दिवे आणि अडकित्ते बघतो. प्रत्येकाने एक निवडायचा. अडकित्त्यांत घोडे आहेत, पक्षी आहेत, माणसं आहेत, आणि प्रत्येकाचं काम एकच, सुपारी कातरणं. घरी येऊन मुलं स्वतःचा अडकित्ता रचतात, जाड पुठ्ठ्याचा, मध्ये टाचणबटणाची बिजागरी, खरोखर उघडझाप होणारा. कोणते दोन जीव एकमेकांकडे तोंड करून उघडमीट होतील, हे शोधायला मोठ्यांनाही तासभर लागतो. एकीने आई आणि बाबा केले होते, मिटला की दोघांची कपाळं टेकत होती.

घरी चित्र घेऊन आलेल्या मुलाला काय म्हणावं, असं पालक मला सारखे विचारतात. ‘हे काय आहे?’ म्हणू नका, त्याला वाटतं आपल्याला ओळखू येण्यासारखं काढता आलं नाही. ‘वा, छान’ एवढंही पुरत नाही, ते न बघताही म्हणता येतं. जे दिसतंय ते बोला. ‘इथे तू खूप जोरात घासलेलं दिसतंय.’ ‘हा निळा दोनदा लावलास का?’ मग ते आपणहून सांगायला लागतं आणि थांबत नाही. चित्राच्या मागे तारीख लिहा. फ्रिजवर एकच लावा, बाकीची एका फाइलमध्ये सपाट ठेवा, गुंडाळू नका.

येत्या रविवारी मधल्या वर्गाची खोली बंद, आपण पाताळेश्वरला जातोय. जंगली महाराज रस्त्यावरच्या दारापाशी साडेसातला या, म्हणजे ऊन तिरपं असेल. आठव्या शतकात एका कातळात कोरलेलं हे लेणं आहे, आणि अंगणात नंदीचा मंडप आहे, खांबांवर छत्रीसारखं गोल दगडी छप्पर असलेला. तांब्याचं तोंड आपण वरून बघितलं, हे छप्पर खालून बघायचंय. त्याची कड कुठल्या बाजूला वाकते ते मी सांगणार नाही. आधी लांब उभं राहून काढायचं, मग अगदी जवळ बसून, दोन वेगळ्या कागदांवर. पाठीशी धरायला जाड पुठ्ठा, दोन चिमटे, ४बी पेन्सिल, पाण्याची बाटली आणि बसायला काहीतरी आणा, दगड सकाळी गार असतात. खोडरबरांचा डबा माझ्याकडे असेल.